छायाचित्राविरुद्ध फिर्याद

जिच्यात फिर्यादी असंख्य, आरोपी एकच आणि साक्षीपुरावा सर्वस्वी आरोपीच्या बाजूचा, अशी एक फिर्याद गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे सुसंस्कृत जगात चालू असून तिचा निकाल लागण्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. आणि याचे कारण न्यायदेवतेची दिरंगाई हे नसून, ही फिर्याद गुदरणाऱ्यांपैकी कोणालाही निकाल नको असतो, हवी असते ती केवळ सहानुभूती. ‘माझा फोटो माझ्यासारखा येत नाही’ एवढाच त्या फिर्यादीचा मजकूर आहे. ज्याला आपल्या हस्ताक्षराच्या सुबकतेविषयी, आपल्या मतांच्या अचूकतेविषयी किंवा आपल्या अपत्यांच्या बुद्धिमत्तेविषयी आयुष्यात कधी संशय आला नाही, असा भारदस्त गृहस्थदेखील स्वतःचा फोटो हाती पडताच तो प्रथम दूर धरतो, मग जवळ आणतो, मग चष्मा पुसतो, आणि अखेरीस फोटोवाल्याच्या कौशल्याविषयी एक उदार उद्गार काढून म्हणतो, ‘काम स्वच्छ आहे हो, पण मी काही असा नाही!’

या फिर्यादीतील विलक्षण बाब अशी, की प्रत्येक फिर्यादी ती फक्त स्वतःपुरतीच दाखल करतो. कचेरीतून सेवानिवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कला निरोप देताना हारतुऱ्यांनंतर ४० इसमांचा जो एकत्रित फोटो काढण्यात येतो, तो या दृष्टीने अभ्यासण्याजोगा दस्तऐवज आहे. प्रत्येक इसम प्रथम स्वतःला हुडकतो, सापडताच विषण्ण होतो, आणि मग उरलेल्या ३९ जणांवरून नजर फिरवून ‘बाकीचे मात्र सगळे हुबेहूब आलेत’ असा निर्वाळा देतो. चाळिसांचेही जबाब एकत्र नोंदवून पाहिले, तर प्रत्येक चेहऱ्याच्या विरुद्ध एक आणि बाजूने ३९ अशी मते पडतात. आणि जिथे ३९ त्रयस्थांची एकमुखी साक्ष बाजूला सारून एकट्या हितसंबंधी इसमाचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, असे न्यायासन निदान आपल्या देशात अद्याप स्थापन झालेले नाही.

फिर्यादीची सारी भिस्त ज्या एकमेव साक्षीदारावर असते, तो साक्षीदार म्हणजे आरसा. ‘घरच्या आरशात मी नीट दिसतो, मग फोटोतच काय होते?’ हा त्याचा बिनतोड वाटणारा सवाल असतो. परंतु ज्याचा सगळा व्यवहारच उलटा, त्याची उलटतपासणी घेण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आरसा डाव्याचे उजवे करतो असे आपण म्हणतो; शास्त्रज्ञांच्या मते तो तसे काहीच करीत नाही, तो फक्त पुढच्याचे मागे आणि मागच्याचे पुढे करतो, आणि मग त्या पलीकडच्या मनुष्याच्या जागी आपण मनाने वळसा घालून उभे राहतो म्हणून उजव्याडाव्याचा घोटाळा होतो. कारण कोणतेही असो, परिणाम एकच : ज्या सद्गृहस्थाने जन्मभर डावीकडे भांग पाडला, त्याला आरशात भेटणारा इसम उजवीकडे भांग पाडणारा असतो, जी गृहिणी परंपरेप्रमाणे डाव्या नाकपुडीत नथ घालते, तिची आरशातील प्रतिनिधी ती उजवीत मिरवते, आणि अंगातल्या सदऱ्याला डावीकडे असलेला खिसा पलीकडे उजवीकडे गेलेला असतो. थोडक्यात, आपण ज्याला आजवर ‘मी’ समजत आलो, तो एक डाव्या हाताने जेवणारा आणि डाव्या हाताने आचमन करणारा गृहस्थ असून, प्रत्यक्षात भेटला असता तर आपल्या आजीने त्याला पंक्तीला बसू दिले नसते.

चेहऱ्याचे दोन्ही अर्ध समसमान असते तर या अदलाबदलीने कोणाचेच नुकसान झाले नसते. परंतु वाटणी झालेल्या दोन भावांच्या घरांप्रमाणे ते शेजारी शेजारी असूनही एकसारखे नसतात. एक भुवई दुसरीपेक्षा किंचित उंच असते, एक गाल अधिक भरलेला असतो, हसताना ओठांचा एक कोपरा पुढाकार घेतो, आणि नाक, त्याची सरळ चालण्याची कितीही इच्छा असली तरी, कोणत्या तरी एका बाजूला किंचित कललेले असते. आरशाच्या रोजच्या सहवासाने हा कल डोळ्यांच्या इतका अंगवळणी पडतो, की त्यालाच आपण सरळ समजू लागतो. आता समजा, नाक आरशात केसभर एका बाजूला झुकलेले आहे. फोटोत ते केसभर दुसऱ्या बाजूला झुकते. म्हणजे आपल्या हिशेबी फरक एका केसाचा न राहता दोन केसांचा होतो, आणि आपण ‘माझे नाक वाकडे कोणी केले’ म्हणून फोटोवाल्याला जाब विचारतो. जगातील इतर सर्व माणसे मात्र ते नाक प्रथमपासून त्याच बाजूला वाकलेले पाहत आलेली असल्यामुळे त्यांना या प्रकरणात काही नवीन घडले आहे असे वाटतच नाही.

छायाचित्रकलेच्या आरंभकाळात आरसा आणि फोटो यांच्यात हा वाद नव्हता, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने नमूद करण्याजोगी आहे. १८३९ च्या जानेवारीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आरागो यांनी लुई डागेर यांच्या शोधाची वार्ता जाहीर केली. त्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चकचकीत पत्र्यावरच चित्र उमटत असे आणि तोच पत्रा गिऱ्हाइकाच्या हाती पडत असे. त्यामुळे ते चित्र आरशातल्यासारखेच उलटे असे. पुढे लोखंडी पत्र्यावर जी स्वस्त छायाचित्रे निघू लागली त्यांचीही तीच तऱ्हा होती. अमेरिकेतील बिली द किड नावाचा नामांकित दरोडेखोर १८८१ साली गोळी लागून मेला. त्याच्या अशाच एका पत्र्यावरील चित्रात पिस्तूल डाव्या कमरेला दिसते, म्हणून तो डावखुरा होता अशी दंतकथा पसरली, आणि १९५८ साली त्याच्यावर निघालेल्या एका चित्रपटाच्या नावातच त्याचा डावा हात जाऊन बसला. अखेर त्याच्या हातातील बंदुकीत गोळ्या भरण्याची खिडकी भलत्याच बाजूला दिसते हे जाणकारांनी दाखवून दिल्यावर त्या बिचाऱ्याचा उजवा हात त्याला मरणोत्तर परत मिळाला. दरम्यान काचेवर निगेटिव्ह घेऊन तिच्यावरून कागदावर नक्कल उतरवण्याची पद्धत रूढ झाली, उलट्याचे पुन्हा सुलटे झाले, आणि छायाचित्र प्रथमच माणसाला इतरांच्या डोळ्यांना दिसतो तसा दाखवू लागले. माझा तर्क असा आहे की, जोवर ते आरशाच्या सुरात सूर मिळवून बोलत होते तोवर कोणाची तक्रार नव्हती. ते खरे बोलू लागले आणि फिर्याद दाखल झाली.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी त्या छंदात रमली. मात्र फोटो काढल्याने आयुष्य उणावते ही समजूत बराच काळ प्रचलित होती, आणि जुन्या वाड्यांच्या माजघरात टांगलेली पणजोबा-पणजींची जोडचित्रे पाहिली म्हणजे ती समजूत अगदीच निराधार नसावी असे वाटू लागते. पणजोबा खुर्चीवर बसून समोर कर्ज वसूल करायला आलेल्या सावकाराकडे पाहावे तसे पाहत आहेत, आणि पणजी मागे उभी राहून त्या कर्जाला आपली संमती नव्हती असे मुद्रेने सांगत आहे. वास्तविक त्या उभयतांचा स्वभाव असा नसेलही. पण काच पुरेशी उजळेपर्यंत काही सेकंद तरी निश्चल राहणे भाग असे, डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावण्याचीही वहिवाट होती, आणि मानेला चिमटा असताना प्रसन्न हास्य करणे हे स्थितप्रज्ञाचे लक्षण असले तरी गृहस्थाश्रमी माणसाचे नव्हे. त्यात आणखी त्या काळच्या काचेवरील रसायनाला निळा रंग ठळक दिसे आणि तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. परिणामी पणजीचे लालभडक कुंकू काळेठिक्कर उमटले, उन्हाने रापलेले पणजोबा होते त्याहून दोन छटा सावळे झाले, आणि कोकणातून आलेल्या एखाद्या घाऱ्या डोळ्यांच्या आप्ताचे डोळे तर इतके फिके उतरले, की पुढच्या पिढीतील मुले त्या भिंतीखाली झोपायला नकार देऊ लागली.

रसायने सुधारली, चिमटा गेला, तरी फिर्याद कायम राहिली. कारण आता अंतराने आपला हात दाखवायला सुरुवात केली. पूर्वीचा स्टुडिओवाला काळ्या बुरख्यात डोके खुपसून चांगला सहा-सात फुटांवर उभा असे. आजचा मनुष्य स्वतःचा फोटो स्वतःच काढतो, आणि परमेश्वराने हात जेवढा लांब दिला आहे त्यापलीकडे त्याला जाता येत नाही. कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचे अंतर सुमारे चार ते पाच इंच असते. कॅमेरा पाच फुटांवर असला, तर या चार-पाच इंचांना किंमत राहत नाही, आणि नाक कानांच्या मानाने शेकडा सात-आठच मोठे दिसते. तोच कॅमेरा एका फुटावर आणला, की नाक कानांच्या मानाने एकतृतीयांशाहून अधिक फुगते आणि कान गालांआड दडी मारतात. अमेरिकेत काही रुग्ण आपले असे फोटो दाखवून नाक लहान करून मागू लागले, तेव्हा तेथील शल्यवैद्यांनी २०१८ साली रीतसर गणित मांडून सिद्ध केले, की एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरील फोटोपेक्षा सुमारे शेकडा ३० ने जास्त भासते. म्हणजे ज्या व्यंगावर हात लांब करणे हा पुरेसा इलाज होता, त्यासाठी लोक नाक कापून घ्यायला निघाले होते.

‘पण आरशापुढेही मी एका फुटावरच दाढी करतो,’ असे कोणी म्हणेल. इथेच साक्षीदाराची दुसरी लबाडी उघडकीस येते. आरशापासून एक फूट अंतरावर उभे राहिले असता आपले प्रतिबिंब आरशापलीकडे आणखी एक फूट मागे असते. म्हणजे आपण स्वतःला प्रत्यक्षात दोन फुटांवरून पाहत असतो, आणि त्या मानाने नाकाचा उद्दामपणा कमी होतो. याहून चमत्कारिक गोष्ट न्हाणीघरातील आरशावर वाफ जमली असता कोणालाही पडताळून पाहता येईल. त्या वाफेवर बोटाने आपल्या प्रतिबिंबाची बाह्यरेषा काढावी आणि तिचे माप घ्यावे. ती आपल्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरते, आणि आपण कितीही मागे सरकलो तरी निम्मीच राहते. जो साक्षीदार रोज सकाळी आपल्याला निम्म्यात आटोपतो आणि इतकी वर्षे आपल्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही, त्याच्या सचोटीवर विसंबून दुसऱ्यावर खोटेपणाचा आरोप करणे कितपत न्याय्य आहे, याचा वाचकांनीच विचार करावा.

अंतराइतकाच मोठा वाटा काळाचा आहे. आरशापुढे आपण जातो ते तयारीने जातो. पोट आत ओढले जाते, हनुवटी योग्य कोनात येते, चेहऱ्यावर विद्वत्ता अथवा दयाळूपणा यांपैकी जे काही त्या दिवशी हवे असेल ते आणले जाते, आणि एखादी मुद्रा साधली नाही तर ती रद्द करून दुसरी घेण्याची सोय असते. आरशातील इसम कधीही आपली नजर चुकवत नाही. आपण बेसावध असताना कसे दिसतो हे पाहण्याचा योग एकट्या आरशाच्या मदतीने येत नाही, कारण पाहण्याच्या इच्छेबरोबर सावधपणा हजर होतोच. कॅमेरा मात्र एका सेकंदाचा १२५ वा भाग उचलून नेतो आणि तेवढ्यावरून आपला संपूर्ण पंचनामा करतो. मनुष्य मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, दोन शब्दांच्या मध्ये तोंड अर्धवट उघडे ठेवतो, शिंक येईल की नाही या विवंचनेत काही क्षण घालवतो; चालत्या चेहऱ्यात हे सारे एकमेकांत मिसळून जाते आणि पाहणाऱ्याला त्यातून एक बरासा माणूस मिळतो. फोटोत नेमका तो एक क्षण सुटा पडतो, आणि मिटत आलेल्या पापण्यांचा एखादा सच्छील शिक्षक चिरकाल मद्यपी ठरतो.

समूहफोटोत ही आपत्ती माणसांच्या संख्येने वाढत जाते. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी, एकही पापणी मिटलेली नसेल असा निदान एक फोटो हाती लागावा म्हणून किती फोटो काढावेत, याचे सूत्र शोधून काढले आणि त्याबद्दल त्यांना २००६ सालचे गणिताचे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. सूत्र सोपे आहे : मंडळी विसाच्या आत असतील तर चांगल्या उजेडात त्यांच्या संख्येला तिनाने भागावे आणि वाईट उजेडात दोनाने. म्हणजे १८ माणसांसाठी उजेडात सहा आणि अंधुक मंडपात नऊ फोटो. संख्या पन्नासाच्या घरात गेली म्हणजे आशाच सोडावी, असाही त्यांच्या हिशेबाचा निष्कर्ष आहे. या संशोधकांनी आपल्याकडचे लग्न पाहिले असते तर इतकी गणिती मेहनत घेतली नसती. कारण तिथे १८ माणसे ही केवळ वधूच्या मामाची असतात, आणि ‘जरा इकडे बघा, हां, अजून एक’ म्हणणाऱ्या फोटोवाल्यासमोर ती उभी राहतात तेव्हा निम्मी अक्षतांच्या, एकचतुर्थांश जेवणाच्या आणि उरलेली बसच्या वेळेच्या दिशेने पाहत असतात.

पूर्वी निदान या दुःखावर फुंकर घालणारा एक इसम समाजात होता. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देऊन सुरकुती भरून काढणारा, डोळ्यांखालची काळी वर्तुळे उजळणारा आणि देवीचे वण बुजवणारा रिटचिंगवाला कलावंत प्रत्येक चांगल्या स्टुडिओच्या मागल्या खोलीत बसलेला असे, आणि वधूवरांचे जे कॅबिनेट आकाराचे फोटो टपालाने या गावाहून त्या गावाला जात, त्यांतील कित्येक संसार मूळतः त्याच्या पेन्सिलीने जुळवलेले होते. आज तेच काम फोनच्या पोटातील यंत्रणा न सांगता करते. तीही इतक्या उत्साहाने, की साठीच्या काकू कुलकर्णी घराण्यातील की नुकत्याच पॉलिश करून आणलेल्या, असा प्रश्न पडतो. मात्र सरकारी ओळखपत्रांच्या बाबतीत अशी कृपा नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधारची पहिली पत्रे देण्यात आली, आणि जी फिर्याद तोवर स्टुडिओत जाण्याइतकी ऐपत असणाऱ्यांचीच होती ती त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने राष्ट्रीय झाली. वस्तुतः त्यात दोष कोणत्याही माणसाचा नसून डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा असतो. वरून पडणारा उजेड भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची सावली ओठांवर टाकतो, आणि साधा करदाता फरारी दिसू लागतो. घरचा आरसा आपण खिडकीसमोर टांगलेला असतो, एवढाच त्याचा पराक्रम.

येथवरच्या तपशिलावरून कोणी असे समजेल की आरसा खोटा ठरला म्हणून फिर्यादीचे घोडे अडले आहे. परंतु खरी मेख याहून खोल आहे. मनुष्य आपला फोटो पाहतो तेव्हा तो त्याची तुलना आरशाशी करतच नाही. तो ती करतो मनातल्या एका तिसऱ्याच चेहऱ्याशी, ज्याचे वय बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वी थांबलेले असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एपली आणि व्हिटचर्च या मानसशास्त्रज्ञांनी लोकांचे फोटो यंत्राच्या साहाय्याने कमीअधिक देखणे आणि कमीअधिक कुरूप करून, त्यांतील आपला अस्सल चेहरा ओळखण्यास त्यांना सांगितले. तेव्हा लोकांचा कल थोडासा देखणा केलेला चेहराच आपला म्हणून उचलण्याकडे दिसून आला. म्हणजे आरसा हा फिर्यादीचा साक्षीदारही नव्हे, तर मुखत्यार. अशिलाला जे ऐकायचे आहे तेवढेच तो बोलतो, कारण रोजच्या परिचयामुळे आपण त्याला कधी काही विचारतच नाही.

आणि आता या प्रकरणातील शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा पुरावा. १९७७ साली मीटा, डर्मर आणि नाइट या तिघा अमेरिकन संशोधकांनी काही स्त्रियांचे फोटो घेऊन त्यांच्या दोन प्रकारच्या प्रती तयार केल्या : एक सरळ, म्हणजे जगाला दिसणारी, दुसरी उलटी, म्हणजे आरशात दिसणारी. ज्यांचे फोटो त्यांना बहुतांशी उलटी प्रत आवडली. त्यांच्या जिवलगांना बहुतांशी सरळ प्रत आवडली. दोन्ही प्रती एकाच क्षणाच्या, एकाच चेहऱ्याच्या. निवड ठरवली ती फक्त सवयीने. ज्याला जे रोज दिसते ते त्याला सुंदर वाटते, इतका साधा हा कायदा आहे, आणि जगातील पुष्कळसे संसार याच कायद्याच्या आधारे सुरळीत चालले आहेत.

या पुराव्यावरून जो निष्कर्ष निघतो तो फिर्यादीने शांत चित्ताने ऐकावा. ज्या चेहऱ्याला पाहून आपण ‘हा मी नव्हे’ म्हणतो, त्याच चेहऱ्याला आपली आई जन्मल्यापासून पाहत आली. त्याच चेहऱ्याला पसंत करून आपले लग्न झाले. तोच चेहरा स्टेशनावर ओळखून मित्रांनी हाका मारल्या, आणि वाण्याने त्याच चेहऱ्याच्या भरवशावर उधार दिले. आरशातील तो दुसरा गृहस्थ यांपैकी कोणालाही कधी भेटलेला नाही; त्याची ओळख एकट्या आपल्याला, आणि त्याच्यावर लोभही एकट्या आपलाच. पुढे कधी तरी हार घालून भिंतीवर लावण्यासाठी आपला एक फोटो निवडण्याची पाळी घरच्यांवर येईल, तेव्हा आपले मत घेण्याची सोय उरलेली नसल्याने ती मंडळी निःसंकोचपणे तोच काढतील जो आपण कपाटाच्या तळाशी दडवून ठेवला होता, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणेल, ‘अगदी बोलतील असे वाटते.’

सबब, छायाचित्राविरुद्धची फिर्याद खर्चासह काढून टाकण्यास हरकत नाही. यापुढे फोटो हाती आला की वाचकांनी स्वतःचे मत राखून ठेवावे, तो घरातल्या माणसांपुढे धरावा, आणि त्यांनी ‘छान आलाय’ म्हटले तर ती समजूत काढत आहेत असे न मानता आणखी दोन प्रतींची मागणी नोंदवावी. त्या चेहऱ्याची त्यांना सवय आहे, आपल्याला नाही.